झाडाच्या काड्यांची फोटो फ्रेम घरी करता येते का, आणि ती टिकते का?

करता येते की! टिकते पण, फक्त काठी पूर्ण वाळलेली पाहिजे. मी बेळगावजवळचा. आजोबांच्या फोटोला पहिली फ्रेम केली ती बांधावरच्या निर्गुडीच्या हिरव्या काठ्यांची, चारी कोपरे सुतळीनं करकचून आवळले होते आणि महिन्याभरात सगळे ढिले. का तर ओली काठी वाळताना जाडीला आक्रसते, सुतळी मात्र तेवढीच राहते.

दुसऱ्या वेळी खानापूरच्या बाजारातनं बुरडाकडून, म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपं विणणाऱ्यांकडून, कानडीत मेदार म्हणतात बघा, त्यांच्याकडून चिव्याच्या काठ्या आणल्या. चिवा म्हणजे बारीक आणि जवळजवळ भरीव बांबू. पण बांबूत पिष्ट असतं आणि ते खायला भुंगा येतो, मग खाली पीठ पडत राहतं. म्हणून काठ्या दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवायच्या, पाणी बदलत राहायचं (वास येतो, परसात ठेवा), नंतर सावलीत वाळवायच्या. उन्हात टाकल्या की तडकतात.

6 बाय 8 इंचाच्या फोटोला दोन काठ्या 10 इंचाच्या आणि दोन 12 इंचाच्या घ्या, म्हणजे प्रत्येक टोकाला दोन-दोन इंच बाहेर राहतात. जिथं एकावर एक येतात तिथं कानशीनं हलकी खाच पाडा. खिळा अजिबात नको, चिवा उभा फाटतो. सुतळी कोरडीच घ्या आणि शेवटची गाठ मारायच्या आधी दोऱ्यानं दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की चौकोन बरोबर.

मागं पुठ्ठा. फोटो फेविकॉलनं चिकटवू नका, सुरकुत्या पडतात, कागदाचे छोटे खिसे करून कोपरे त्यात अडकवा. आणि जुना एकच फोटो असेल तर कृपा करून ओरिजिनल कपाटात ठेवा, कॉपी लावा. काच घालणार असाल तर कडेनं पुठ्ठ्याची पट्टी द्या, दमट हवेत फोटो काचेला चिकटला की सोडवताना फाटतोच. शिंपले, बिया, वाळकी पानं तुमच्या आवडीनं लावा, मला नुसती काठीच छान वाटते.

टांगताना मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना चिव्याचेच छोटे तुकडे बांधा, म्हणजे फ्रेम भिंतीला टेकत नाही आणि मागनं वारा फिरतो. आमच्याकडं पावसाळ्यात भिंती ओल धरतात, बुरशी पहिल्यांदा मागच्या पुठ्ठ्यालाच येते.