सिसप्लॅटिन डीएनए ‘तोडतं’ की ‘जखडतं’?

लातूरहून विचारणा आली आहे: किमोच्या रुग्णांसाठी काढलेल्या मराठी पत्रकात ‘सिसप्लॅटिन डीएनए तोडते’ असं वाक्य आहे (सिसप्लॅटिन म्हणजे कॅन्सरवरचं, प्लॅटिनम असलेलं औषध), ते बरोबर का? आणि ‘क्रॉसलिंक’ला, म्हणजे औषध डीएनएच्या दोन घटकांमध्ये घालतं त्या बंधाला, ‘आडबंध’ म्हणावं का?

‘तोडते’ काढून टाका. डीएनएचे धागे तुटतात ते किरणोपचारासारख्या उपचारांत. हे औषध बांधतं. प्लॅटिनमच्या अणूला चार हात: दोहोंवर अमोनिया, दोहोंवर क्लोराइड, आणि दोन्ही क्लोराइड एकाच अंगाला. रक्तात क्लोराइड भरपूर, लिटरला सुमारे 100 मिलिमोल, म्हणून हे दोघे जागचे हलत नाहीत. पेशीच्या आत क्लोराइड फार कमी. तिथे ते सुटतात, त्यांच्या जागी पाणी येतं, आणि मग प्लॅटिनम ग्वानिनचा (डीएनएच्या चार ‘अक्षरां’पैकी एकाचा) सातव्या क्रमांकाचा नायट्रोजन धरतं. एका हातात एक ग्वानिन, दुसऱ्या हातात बहुतेकदा त्याच धाग्यातला लगतचा दुसरा. शिडीच्या लागोपाठच्या दोन पायऱ्या एका बाजूने कासरा टाकून आवळल्या तर शिडी तिथे वाकेल. डीएनएही वाकतो, पीळ सैल होतो, नक्कल उतरवणारं एन्झाइम तिथे अडतं. ती गाठ पेशीला काढता आली नाही तर पेशी मरते.

‘जोडते’, ‘सांधते’ यांनीही घोटाळा होतो. आपण तुटलेलं जोडतो, फाटलेलं सांधतो. वाचणाऱ्याला वाटेल, औषध डीएनएची डागडुजी करतंय. ‘चिकटते’ फारच सैल. ‘जखडते’ लिहा, बांधणं आणि हालचाल थांबणं, दोन्ही त्यात येतं.

‘आडबंध’ ऐकायला छान, पण त्यातून एका धाग्यावरून दुसऱ्या धाग्यावर गेलेला बंध डोळ्यांपुढे येतो. सिसप्लॅटिनचे तसे बंध थोडेच. सुमारे 90 टक्के बंध एकाच धाग्यातल्या दोन शेजाऱ्यांमधले. तेव्हा ‘एकाच धाग्यातला बंध’ आणि ‘दोन धाग्यांमधला बंध’ असं सरळ लिहावं.

त्याच पत्रकातला ‘सलाईन’ही तपासा. आपल्याकडे बाटली कुठलीही असो, ‘सलाईन लावली’ म्हणतात. इथे तेवढं पुरत नाही. सिसप्लॅटिन मिठाच्या पाण्यात देतात, कारण क्लोराइड कमी पडलं तर ते बाटलीतच बदलू लागतं. ऑक्झालिप्लॅटिन या दुसऱ्या प्लॅटिनमच्या औषधाचं उलट: क्लोराइडने ते बिघडतं, म्हणून ते 5 टक्के ग्लुकोजमध्येच. पत्रकात ‘मिठाची सलाईन’ आणि ‘ग्लुकोजची सलाईन’ असं वेगवेगळं छापा.