जुन्या टाटा ४०७ ट्रकचा फॅन बेल्ट (पंख्याचा पट्टा) नवा टाकला तरी सकाळी ची ची करते, काय करावं?

भाऊ, तुम्ही लिहिलं की नवा पट्टा आठवडाभर बरा चालला अन् आता पुन्हा सकाळी सेल मारला (स्टार्टर फिरवला) की ओरडते, मिस्त्री म्हणते अजून टाइट करू. थांबा बाप्पा, टाइट करायची घाई नका करू. माही गाडी बी जुनीच हाय, कापसाच्या सीझनमध्ये हिंगणघाटले जिनिंगवर चालते, त हा आवाज मले चांगला माहीत हाय.

सकाळीच काहून ओरडते? सेल मारला की बॅटरी थोडी उतरते, ती भरायले अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) जोर लावते, त्याची पुली (पट्टा ज्याच्यावर फिरते ते चाक) जड होते अन् पट्टा तिच्यावरून घसरते. जरा वेळानं गप होते, रात्री हेडलाइट लावले की पुन्हा सुरू, असं असन त पट्टा घसरतेच समजा. पण लांब किंचाळणं नसून चिमणीसारखं तुटक चिक चिक असन अन् रेस दिली की ते जलद होत असन, त बहुतेक पुल्या एका लाइनीत नाहीत.

खात्री करायची त गाडी चालू ठेवून बाटलीनं लांबूनच पट्ट्याच्या आतल्या बाजूवर थोडं पाणी मारा (दुपट्टा काढून ठेवा, पंखा कोणाचा सगा नाही). आवाज जरा वेळ बंद होऊन परत आला त लाइन वाकडी, उलट वाढला त पट्टा ढिला, काहीच फरक नाही त बेरिंग. मंग गाडी बंद करून, इंजिन थंड झालं की पट्टा काढा अन् एकेक पुली हातानं फिरवा, हलवून पाहा, खरखर लागली की प्ले (ढिलेपणा) लागला त तिथंच दुखणं हाय. वॉटर पंपाच्या (इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) खाली लहान भोक असते, तिथून ओघळ आलेला दिसला त पंपाचं सील गेलं.

आता ज्याच्याकडे कोणी पाहत नाही ते, पुलीची खाच. हा व्ही आकाराचा पट्टा खाचेच्या दोन भिंतींवर चालते, बुडाले टेकला नाही पाहिजे. मोबाइलचा टॉर्च लावून पाहा, खाचेचं बुड चकचकीत दिसत असन त पट्टा तिथं घासते, मंग पकड येईन कुठून? एकतर खाच घासली असन, नाहीतर दुकानदारानं "हाच बसते" म्हणून बारीक पट्टा देल्ला. जुन्या पट्ट्यावरचा नंबर घेऊनच दुकानात जा, अन् बसवल्यावर पट्ट्याची पाठ पुलीच्या काठाबरोबर आली पाहिजे. अल्टरनेटरच्या बोल्टचं भोक बी पाहा, ते मोठं झालं असन त टाइट करतानाच अल्टरनेटर तिरपा होते, तिथं किती बी नवे पट्टे टाका, आवाज राहतेच.

हे सगळं ठीक असन त तुमचं दुखणं साधं हाय: नवा पट्टा सुरुवातीले ताणते, थोडी गाडी चालवून थंड झाल्यावर पुन्हा टाइट करा लागते, ते राहून गेलं असन. दोन पुल्यांमधल्या सर्वात लांब भागाच्या मधात पट्टा अंगठ्यानं दाबा, १० ते १५ मिलिमीटर दबला म्हणजे बरोबर. त्याच्याहून ताठ केला त आवाज जाते पण पंपाचं अन् अल्टरनेटरचं बेरिंग खाऊन जाते. पट्टा ताणायले टॉमी (लोखंडी पहार) लावताना अल्टरनेटरच्या जाड भागाले लावा, पातळ पत्र्याले नको. दोन पट्टे असतीन त जोडीच बदला.

साबण, राळ लावणारे लय सांगतीन, दोन दिवस गप बसते बस. ग्रीस, डिझेल त बिलकुल नको, रबर फुगते. कुठून ऑइल गळून पट्ट्यावर येत असन त आधी ते बंद करा. आपल्याकडची काळी धूळ अन् रुईचे तंतू बी खाचेत बसतात, सुक्या ब्रशनं झाडत जा.

अन् नुसता आवाजच हाय म्हणून महिने काढू नका. पट्टा तुटला की पाणी फिरणं बंद, मे महिन्यात इंजिन तापून त्याचं हेड (वरचा भाग) जायले वेळ नाही लागत, अन् ज्या गाडीत व्हॅक्यूम पंप (ब्रेक हलका करणारा) अल्टरनेटरच्याच मांगं असते तिथं ब्रेक बी दगडासारखा होते. तुमच्या गाडीत तो पंप कुठं हाय ते पाहून घ्या अन् एक स्पेअर पट्टा, अल्टरनेटरच्या बोल्टचा पाना सीटखाली टाकून ठेवा.