जड पाणी, कठीण पाणी की दुष्फेन पाणी?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे, की उपयोजित रसायनशास्त्राच्या मराठी टिपणांत कुठे 'जड पाणी' लिहिलेलं असतं, कुठे 'कठीण पाणी', तर कुठे 'दुष्फेन पाणी'. अणुभट्टीच्या बातम्यांतही 'जड पाणी' येतं. हे सगळं एकच का, आणि उत्तरपत्रिकेत काय लिहावं?

बातमीतलं जड पाणी पूर्णपणे वेगळं आहे. बाकीची तिन्ही नावं एकाच गोष्टीची, पण त्यांची योग्यता सारखी नाही.

आधी घरातला शब्द पाहू. 'बोअरचं पाणी जड आहे, डाळच शिजत नाही,' हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. इथला जड वजनातला नाही, 'पचायला जड' मधला आहे असं मला वाटतं. ज्यांनी हा शब्द रूढ केला त्यांचं निरीक्षण मात्र पक्कं होतं. अशा पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. डाळीच्या दाण्यातल्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की डाळ लवकर शिजते, कारण सोड्याने पेक्टिन सैल होतं आणि थोडं कॅल्शियमही साक्यात जातं. म्हणून बोलताना 'जड पाणी' म्हणण्यात काहीच चूक नाही.

अडचण येते ती शास्त्रीय लेखनात, कारण तिथे हे नाव दुसऱ्या पदार्थाला मिळालेलं आहे. रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड युरी यांनी १९३१ मध्ये हायड्रोजनचं ड्युटेरियम हे समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचं जास्त वजनाचं रूप, शोधलं आणि त्यासाठी १९३४ चं नोबेल मिळवलं. पाण्यातल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलं की ते जड पाणी. हे पाणी खरोखरच जड असतं: साध्या पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी. त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो. रायगड जिल्ह्यात थळला ते तयार करण्याचा कारखाना आहे, आणि तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला ते वापरतात. याउलट तुमच्या बोअरच्या एका लिटर पाण्यात ५०० मिलिग्रॅम क्षार असले, तरी वजनात भर पडते ती अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. एकाच पदवीच्या अभ्यासात ही दोन्ही पाणी भेटू शकतात, तेव्हा शब्द वेगळे हवेतच.

'कठीण पाणी' मला अजिबात पटत नाही. तो 'हार्ड' या इंग्रजी विशेषणाचा शब्दशः उतारा आहे. मराठीत कठीण म्हणजे अवघड किंवा टणक. टणक पाणी म्हटलं तर डोळ्यांपुढे बर्फच येतो.

राहिला 'दुष्फेन'. फेन म्हणजे फेस. ज्यात फेस नीट येत नाही ते दुष्फेन, सहज येतो ते सुफेन. शब्द संस्कृत वळणाचा आहे, पण उच्चारायला सोपा आहे आणि गुणधर्म नेमका सांगतो. साबण म्हणजे मुख्यतः मेदाम्लांचे सोडियम क्षार. दुष्फेन पाण्यात त्यांचे कॅल्शियम क्षार बनतात, ते विरघळत नाहीत, आणि बादलीच्या कडेला पांढुरका चिकट साका धरतो. हे सगळं कॅल्शियम, मॅग्नेशियम वापरलं जाईपर्यंत फेस येतच नाही. रसायनशास्त्रज्ञ टॉमस क्लार्क यांनी एकोणिसाव्या शतकात दुष्फेनता मोजली ती याच गुणावर, साबणाचं द्रावण वापरून.

आज प्रयोगशाळेत फेस मोजत नाहीत. पीएच १० ला एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा दर्शक घालून, कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणाऱ्या ईडीटीएने अनुमापन करतात, म्हणजे त्याचं द्रावण मोजून थेंबाथेंबाने घालतात, लालसर रंग निळा झाला की थांबतात. शिवाय कपडे धुण्याच्या हल्लीच्या पावडरींना दुष्फेन पाण्यातही बऱ्यापैकी फेस येतो. म्हणून हा शब्द जुना झाला, असा आक्षेप कोणी घेईल. मला तो मान्य नाही. साबणाच्या बाबतीत तो आजही अक्षरशः खरा आहे, आणि त्याचा दुसरा कुठलाही अर्थ नसल्यामुळे गोंधळ होत नाही. अभियांत्रिकी भारतीय भाषांतून शिकवायला २०२१ मध्ये परवानगी मिळाली. त्यानंतर तर असे एकाच अर्थाचे शब्द जपण्याची गरज मला फार वाटते.

तेव्हा उत्तरपत्रिकेत 'दुष्फेन पाणी' आणि 'दुष्फेनता' लिहा. बायकार्बोनेटमुळे येणारी, उकळल्यावर जाणारी ती तात्पुरती दुष्फेनता. क्लोराइड आणि सल्फेटमुळे येणारी ती कायमची. एकक लिहिताना 'कॅल्शियम कार्बोनेटच्या समतुल्य' हे शब्द गाळू नका: १११ मिलिग्रॅम कॅल्शियम क्लोराइडची दुष्फेनता १०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी धरतात.

'दुष्फेन' आणि 'खारं' यांतही गल्लत नको. नुसतं मीठ विरघळलेलं पाणी खारट असेल, पण त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम नसेल तर ते दुष्फेन नव्हे. झिओलाइटमधून, म्हणजे आयनांची अदलाबदल करणाऱ्या खनिजातून, काढलेल्या पाण्याबद्दल लिहिताना हा भेद उपयोगी पडतो. तिथे कॅल्शियमच्या एका आयनाच्या जागी सोडियमचे दोन आयन येतात. पाणी सुफेन होतं, पण क्षार त्यात राहतातच. त्याला 'क्षारमुक्त' म्हणू नये.