मेलबर्नला चाइल्डकेअरची नोकरी: कोर्स इकडे येऊनच करा

ताई, तुमचं डी.एड. झालंय, नाशिकला बालवाडीत शिकवता, मिस्टरांच्या नोकरीमुळे मेलबर्नला येताय, तर तिकडूनच एखादा ऑनलाइन कोर्स उरकून यावं का, असं विचारलंय. माझं ऐकाल तर मुळीच नको.

इथं किमान ‘सर्टिफिकेट थ्री’ हा बालसंगोपनाचा पायाभूत कोर्स लागतो आणि त्यात प्रत्यक्ष सेंटरमध्ये 160 तास काम करून दाखवावं लागतं. नाशिकला बसून ते कसं होणार? शिवाय प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत थांबायचीही गरज नाही. नाव घालून अभ्यास सुरू केला की नोकरी धरता येते. फक्त व्हिसावर कामाची मुभा आहे ना, ते बघा. सेंटरमधल्या निम्म्या जणींकडे तरी डिप्लोमा झालेला किंवा चालू असावा लागतो, त्यामुळे पुढेमागे तोही करायला सांगतात. डी.एड. आपोआप धरत नाहीत. ‘असेक्वा’ या सरकारी संस्थेकडे फी भरून तपासून घेता येतं.

‘वर्किंग विथ चिल्ड्रन चेक’, म्हणजे मुलांसोबत काम करणाऱ्यांची सरकारी पार्श्वभूमी-तपासणी, मात्र हवाच. तो ज्या त्या राज्याचा वेगळा. फर्स्ट एडही बहुतेक ठिकाणी मागतात. त्यातला सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवण्याचा भाग, दरवर्षी पुन्हा करायचा.

खरी सवय मोडावी लागते ती हाताची. बाळाला पालथं घालून थोपटायचं नाही. पाठीवर, पाय पाळण्याच्या खालच्या कडेला, उशी नाही, दुपटं सैल नाही, आणि झोपलं तरी ठरावीक वेळाने श्वास बघून नोंद करायची. ‘हा घास काऊचा’ करत भरवणंही बंद. पोर सांडत का होईना स्वतः खातं, नको म्हटलं की ताट उचलायचं. सुरुवातीला जीव तुटतो. तीन वर्षांखालच्या चार मुलांमागे एक बाई, हा व्हिक्टोरियाचा, म्हणजे मेलबर्नच्या राज्याचा, नियम. तुमच्या बालवाडीपुढे चैनच वाटेल!

‘काही आठवड्यांत सर्टिफिकेट’ म्हणणाऱ्या एजंटांपासून लांब राहा. 2024 च्या अखेरीपासून सरकारने काही बंद पडलेल्या कॉलेजांची हजारो प्रमाणपत्रं रद्द केलीत, नुकसान झालं ते पैसे भरणाऱ्यांचंच. प्रवेशाआधी कॉलेजला एकच विचारा: प्लेसमेंट, म्हणजे ते 160 तासांचं काम, तुम्ही मिळवून देणार की मी शोधायचं? आणि उत्तर ईमेलवर घ्या.