पडद्यामागचं विचारा : ‘जैत रे जैत’ आणि आमची झाडीपट्टी

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचे बाबा दर उन्हाळ्यात मोहफुलं वेचणं आटोपलं की ‘जैत रे जैत’ लावून बसतात. आम्ही पोट्टे पंधरा मिनिटांत उठतो. गाणी छान आहेत, मान्य. पण एक संपत नाही तर दुसरं सुरू. सिनेमा खरंच एवढा चांगला असता, तर ‘सामना’, ‘सिंहासन’सारखं त्याचंही नाव नसतं का झालं? बाबांना त्यात काय दिसतं?
– एक वाचक, ता. कुरखेडा

उत्तर : भाऊ, मी तुमच्या बाबांच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते.

वडशाला, इथं पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, आमचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. लग्नाच्या घरी व्हीसीआर नेणाऱ्यांना मारधाडीचे पिक्चर लागत. मराठी कॅसेटा फळीवर धूळ खात. ‘जैत रे जैत’ जास्त जात नसे, पण नेणारे तेच ते असत, आणि कॅसेट परत आली की मी लावून बघायची. पडद्यावर पांढऱ्या रेघा यायच्या त्या गाण्यांवर नाही, तर सिनेमाचा नायक नाग्या मोहोळासाठी डोंगर चढतो त्या भागावर. मागे-पुढे करून करून फीत तिथंच झिजली होती. शहरातल्या माणसाला त्या सिनेमातली गाणी पाठ असतात. आमच्या गिऱ्हाइकांना तो कडा पाठ होता.

आता नाव का झालं नाही ते. पुरस्काराच्या बाबतीत काही कमी पडलं नाही, सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण १९७७ चं हे चित्र दोन राजकारणी पिक्चरांच्या मधे सापडलं. जब्बार पटेलांवर बोलायला उभा राहिलेला माणूस ‘सामना’वरून थेट ‘सिंहासन’वर उडी मारतो, मग ‘उंबरठा’. स्मिता पाटीलचंही तेच झालं. त्याच वर्षी ‘भूमिका’ आला, तिला राष्ट्रीय पुरस्कार त्यासाठी मिळाला, आणि ‘जैत रे जैत’मधली तिची चिंधी मागे राहिली. आणि सगळ्यात जास्त घात केला तो गाण्यांनीच. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथांची चाल. रेडिओनं ‘मी रात टाकली’, ‘जांभूळ पिकल्या झाडाखाली’ उचलली आणि घरोघरी पोचवली. गाणी सिनेमातून निघून गेली आणि लोकांना वाटलं, सिनेमा बघितला.

तुम्ही म्हणता गाणं मधे येतं. भाऊ, मधे येत नाही, तेच गोष्ट सांगतं. गाणारी मंडळी ठाकर आदिवासींची आणि नाग्याची कथा पुढं नेतात, मग पात्रं बोलतात, मग पुन्हा गाणं. तुमच्या बाबांनी दंडार, म्हणजे आपलं इथलं लोकनाट्य, बघितली आहे, दिवाळीनंतर रात्र-रात्रभर झाडीपट्टीची नाटकं बघितली आहेत. तिथं पात्र दुःखात असलं की गातं, भांडताना गातं, आणि प्रेक्षक ‘वन्स मोअर’ म्हणून तेच दुःख पुन्हा मागतो. त्या डोळ्यांना ‘जैत रे जैत’ संथ वाटायचं काही कारण नाही. ज्याला गाणं म्हणजे चहाला उठायची सुट्टी वाटते, त्याला तो संथच वाटणार. माझं तर मत आहे की हा सिनेमा पुण्या-मुंबईपेक्षा आमच्याकडं जास्त कळला. ठाकर सह्याद्रीतले, आमचे गोंड-माडिया वेगळे, बोली वेगळी, देव वेगळे. लिंगोबाचा डोंगर आमच्याकडं नाही. पण भगताच्या, म्हणजे देवाच्या पुजाऱ्याच्या, घरचा पोरगा पुण्यवंत व्हायचं म्हणतो आणि राणी माशी त्याचा डोळा घेते, मग तो देवाच्याच डोंगरावर सूड घ्यायला चढतो, हे आम्हाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि प्रेमकथा म्हणाल तर ती चिंधीची आहे. नवऱ्याला सोडून आलेली, कुणाच्या तोंडाकडं न बघता नाग्यावर जीव लावणारी. तो मोहोळाच्या मागे, ती त्याच्या मागे. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतून ती आली, पण स्मितानं तिला जे अंग दिलं, कादंबरी वाचतानाही डोळ्यांपुढं तेच येतं. शेवटी नाग्याला जैत, म्हणजे विजय, मिळते आणि चिंधी जाते. आरमोरीकडची एक बाई कॅसेट परत करताना दर वेळी माझ्यावरच चिडायची, “चिंधीले काहून मारलं वो?” जशी काही कथा मीच लिहिली! चिडून जायची आणि पुढच्या हंगामात तीच कॅसेट मागायची. बाबांना काय दिसतं ते त्या बाईला विचारायला हवं होतं.

प्रश्न : ताई, राणी माशी खरंच माणसाला डसते का? आमच्या सरांनी ‘जैत रे जैत’ची गोष्ट सांगितली, तेव्हापासून वर्गात वाद चालू आहे.
– बारावीची विद्यार्थिनी, नागभीड

उत्तर : पोरी, वाद मिटव. राणीला नांगी असते, पण तिचा उपयोग ती बहुतेक दुसऱ्या राणीवरच करते. ती मोहोळ सोडून माणसाच्या अंगावर धावत नाही. धावतात त्या कामकरी माश्या. त्यांच्या नांगीला उलटे काटे असतात, नांगी कातडीत रुतते, माशी मरते, आणि तिथं जो वास सुटतो त्यावर बाकीच्या येतात. म्हणून डसलेल्या जागी चोळत बसू नये, नांगी खरवडून काढावी आणि तिथून निघावं. सिनेमातलं मोहोळ आग्या माशीचं. ती घरात-पेटीत राहत नाही, उघड्यावर एकच मोठं पोळं लटकवते – कड्याला, उंच झाडाला, आणि आता पाण्याच्या टाकीलासुद्धा. मधवाले रात्री अंधारात धूर करून चढतात ते याचसाठी. तेव्हा शास्त्रात सर चुकले, गोष्टीत बरोबर आहेत. नाग्याचं भांडण राणीशीच असायला पाहिजे. कामकरी माशीशी कोण वैर धरणार?

प्रश्न : आमच्या मंडळाला शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) वेळी गावात हा सिनेमा दाखवायचा आहे. लोक बसतील का?
– एक कार्यकर्ता, सिंदेवाही

उत्तर : बसतील, पण शंकरपटाच्या रात्री नको! त्या रात्री गावात नाटक असतं, आणि नाटकासमोर तुमचा पडदा टिकणार नाही. दोन दिवस आधी किंवा नंतर ठेवा, जेवणं झाल्यावर, नऊच्या आधी सुरू करू नका. हक्क कुणाकडं आहेत ते विचारून परवानगी घ्या. पडद्यापेक्षा आवाजावर पैसा घाला. डीजेवाल्याचा बॉक्स नको, त्यात ढोलाचा नुसता धबधबा होतो आणि महानोरांचा एक शब्द कळत नाही. नाटकाच्या माइकवाल्यालाच सांगा, त्याला गाणं ऐकवायची सवय असते. आणि सुरुवातीला भाषण ठेवू नका, सरपंचांचंही नाही.