माणूस चुकीचा निघाला तर?

समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा आलाय की आता लिहूनच टाकते. दुसऱ्याची निवड करायची जबाबदारी आली की भल्याभल्या अनुभवी लोकांची झोप उडते.

भिवंडीतल्या एका गोडाऊनचे हेड, पन्नाशीला आलेले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). लॉजिस्टिक्स मॅनेजरची जागा ४ महिने रिकामी, ११ इंटरव्ह्यू झाले, फायनल एकही नाही. आधीचा मॅनेजर यांनीच निवडलेला, तो स्टॉकचा घोळ आणि ट्रान्सपोर्टरची थकलेली बिलं मागे ठेवून निघून गेला. तेव्हापासून डिस्पॅच हेच बघतायत, घरी पोचायला रात्रीचे ११.

"मॅडम, यावेळी माणूस बरोबरच निघायला हवा."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारांवर वाढलेली, त्यामुळे माझा कान त्या "च"वर अडकतो, मराठीत हट्ट असा एका अक्षरात ऐकू येतो. पण लगेच बोट ठेवलं नाही. तिसऱ्या भेटीत सहज विचारलं, "इंदूरची गाडी सोडताना ती वेळेवर पोचणारच अशी खात्री असते?"

"छे! कसारा घाटात बंद पडू शकते की. ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्याच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत बघतो, २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, ड्रायव्हरचा आणि गाडीमालकाचा दोन्ही नंबर घेतो, दुसरी गाडी कुठून मिळेल तेही बघून ठेवतो."

"म्हणजे खात्री नसताना रोज गाड्या सोडता."

बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "आणि माणूस मात्र गॅरंटी कार्डासकट मागतोय मी."

हे वाक्य मी दिलं असतं तर ते दाराबाहेर विसरले असते, म्हणून मी थांबले होते आणि त्या थांबण्याचं मला आजही समाधान वाटतं. खरी भीती उमेदवाराची नव्हतीच, निवड चुकली की मीच नालायक ठरलो, ही होती.

मग कामाचं बोललो. तुम्हीही यातनं जात असाल तर हे करून बघा, "तुमच्यातला कमीपणा सांगा" असले प्रश्न सोडा, पाठ केलेली उत्तरं मिळतात. सगळ्यांना एकच प्रसंग द्या, गाडी घाटात बंद, ई-वे बिल आज रात्री १२ ला संपतंय, ड्रायव्हरचा फोन लागत नाही, काय कराल? उत्तरापेक्षा तो आधी काय विचारतो ते ऐका. मार्क तिथल्या तिथे लिहा, सहकाऱ्यांशी चर्चा त्यानंतर. आणि पहिले ३ महिने दर आठवड्याला त्याच्यासोबत बसायचं हे आत्ताच ठरवा, कारण निवडलेला माणूस निम्मा तिथेच घडतो.

यांनी निवडलेल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला होता, "ड्रायव्हर ठीक आहे ना?" आणि मग दुसरी गाडी लावून ई-वे बिलात तिचा नंबर अपडेट करायचं बोलला.

दुसऱ्या महिन्यात त्याच्याकडून चुकीच्या गाडीत माल चढला. यांचा फोन आला, "राग आला मॅडम, खूप आला. पण रात्री झोप लागली."