पाच एकरवाला

धरमपेठ, नागपूर

प्रिय पोरी,

रविवारी तू तणतणत निघून गेलीस, तर्री-पोहे तसेच टाकून. अर्थतज्ज्ञ आधी बाजू ठरवतात आणि मग तिला साजेसे आकडे शोधतात, तर पीएचडी करायची कशाला, असं तुझं म्हणणं. निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र. फोनवर तू बोलू देत नाहीस.

2008 ची केंद्राची कर्जमाफी तुला पुस्तकातून माहीत. 2 हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याचं थकीत कर्ज पूर्ण माफ. त्याहून जास्त जमीन असेल तर आधी 75 टक्के भरा, मग 25 टक्के सूट. आपल्याकडचा कोरडवाहू कापसाचा सात-आठ एकरवाला काही बागायतदार नव्हे, पण तो पूर्ण माफीच्या बाहेर राहिला. विदर्भात त्यावरून बरीच ओरड झाली आणि ती रास्तच होती. अभ्यासकाला मात्र अशी रेषा म्हणजे पर्वणी. रेषेच्या जरा अलीकडचा आणि जरा पलीकडचा शेतकरी जवळपास सारखाच, फरक काय तो माफीचा. शिवाय जमीन धरायची ती कर्ज मंजूर झालं त्या वेळची, त्यामुळे मागाहून भावाभावांत वाटण्या करून कुणाला रेषेच्या आत सरकता येत नव्हतं.

मी काटोल तालुक्यातली काही गावं घेतली. प्रश्न साधा होता. माफीनंतर शेतकरी पीककर्जासाठी पुन्हा बँकेत गेला, की सावकाराकडेच? माझं मत आधीच पक्कं होतं, कर्जमाफी म्हणजे मतांसाठी वाटलेली खिरापत. निकालही तसाच आला. रेषेच्या दोन्ही अंगांना काही फरक नाही. एका सभेत मी तो ऐटीत सांगूनही टाकला.

प्रश्नावल्या भरून आणणारा पोरगा सभेनंतर जवळ आला. म्हणाला, "सर, हा पाच एकरवाला तुम्ही बाहेर काहून टाकला? त्याचं नाव माफीच्या यादीत होतं ना. बँकेत लागली होती यादी, मी वाचली."

झालं होतं असं. शेतकरी बोलतो एकरात. किती शेती? पाच एकर. चार एकर अडतीस गुंठे असं कोणी सांगत नाही. मी संगणकावर एकरांचे हेक्टर केले. पाच एकर म्हणजे 2.02 हेक्टर, 2 च्या वर, म्हणून बाहेर. योजनेच्या मूळ कागदात मात्र 2 हेक्टरपुढे कंसात 5 एकर असं स्वच्छ लिहिलेलं आहे. कागद मी वाचला होता, कंस नव्हता वाचला. माफी मिळालेली माणसं मी न मिळालेल्यांत कालवून ठेवली होती, मग फरक दिसणार कुठून? दुरुस्ती केल्यावर दिसला. फार मोठा नव्हता, पण होता.

आकडेमोडीत चुका सगळ्यांच्याच होतात. मला लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. निकाल उलटा आला असता तर मी त्या रात्री जेवलो नसतो, एकेक ओळ उकरून पाहिली असती. मनासारखा आला, तर मी चहा प्यायला गेलो.

आता रविवारी तू दाखला दिलेल्या अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याकडे येतो. 1 एप्रिल 1992 ला तिथलं किमान वेतन तासाला 4.25 डॉलरवरून 5.05 झालं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात होतं तेवढंच राहिलं. कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडची 410 फास्ट फूड दुकानं पाहिली, वेतन वाढल्याने रोजगार घटलेला दिसला नाही. इथवर तू सांगितलंस आणि टेबलावर हात आपटलास. न्यूमार्क आणि वॉशर यांनी त्याच भागातल्या दुकानांच्या पगाराच्या नोंदी मिळवून उलटा निष्कर्ष काढला, तो वाचलास का? आणि 2000 साली सरकारी नोंदी घेऊन कार्ड-क्रूगर यांनी त्याला दिलेलं उत्तर? तिथे भांडण कामावरची माणसं मोजायची कशी, यावर आलेलं आहे. वाद इथवर उतरला की ऐकण्यासारखा होतो. आपल्या टीव्हीवरचे उतरत नाहीत, असो.

आणखी एक. सरकारी कर्ज फार वाढलं की देशाची वाढ मंदावते, असं मांडणाऱ्या राइनहार्ट-रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या एक्सेलमध्ये सरासरी काढताना पाच देश सुटल्याचं 2013 मध्ये ज्याने दाखवलं, तो थॉमस हर्नडन विद्यार्थी होता, वर्गातला गृहपाठ करत होता. हे सगळे चवीने सांगतात. ती फाइल त्याला त्या दोघांनीच पाठवली होती, हे कमी जण सांगतात. तुझी फाइल कुणी मागितली तर दे. कुणी मागणार नाही अशी आशा धरून फाइल लिहू नकोस.

रविवारी ये. निकालाचे तक्ते घरीच ठेव, कोरी प्रश्नावली आण. आणि गावात जाऊन जी ती भरून आणते, त्या मुलीलाही घेऊन ये, मला तिच्याशी बोलायचं आहे. ऊन उतरल्यावर निघा. साडेपाचच्या आत बेल वाजवलीत तर कूलरच्या आवाजात मला ऐकू येणार नाही.

तुझा,
सर